'येतो' आणि 'येते'

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतलं, आपल्या बेळगाव-खानापूर सीमाभागातल्या प्रेमकादंबरीचं परीक्षण सोमवारी पुन्हा एकदा वाचलं, तरी राग गेला नाही, म्हणून हे पत्र. परीक्षकांनी ज्या गोष्टीला नावं ठेवली ती त्या कादंबरीची जमेची बाजू आहे, आणि ज्याचं कौतुक केलं नेमकी तिथं ती फसली आहे.

'शेवट पहिल्या पानावरच कळतो' ही त्यांची मुख्य तक्रार. कळणारच की! दोघं एकत्र येणार हे ठाऊक असतं म्हणून तर माणूस प्रेमकादंबरी उचलतो. कसब असतं ते अडथळ्यात. दोघांना दूर ठेवणारी गोष्ट त्यांच्या स्वभावातून किंवा परिस्थितीतून यायला हवी, तिचं बी पहिल्या पन्नास पानांत पडायला हवं आणि दीडशेव्या पानाच्या आसपास ती उभी राहायला हवी. तसं झालं नाही की लेखक गैरसमजाचा आधार घेतो. इथंही तेच झालंय. नायिका दाराआडून अर्धं वाक्य ऐकते आणि पुढची साठ पानं अबोला धरते. पत्रं लिहायच्या काळात हे चाललं असतं. आता दोघांच्याही हातात मोबाइल आहे. मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटल्यावर असा गैरसमज फार तर एक रात्र टिकेल. ही खरी चूक, पण परीक्षणात तिचा उल्लेखही नाही. उलट शेवटच्या प्रकरणात नायक प्रेमाचं एक वाक्यही न बोलता तिच्या शेताच्या उताऱ्यासाठी तिच्याबरोबर दिवसभर नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसुली कचेरीत, बसून राहतो, ती जागा लेखिकेनं उत्तम साधली आहे. तिला परीक्षक 'अपेक्षित गोडवा' म्हणतात.

आता कौतुकाकडे येते. 'सीमाभागाचा अस्सल गंध' म्हणे. बेळगावची मिठाई कुंदा तीनदा येते, कन्नड पाट्या येतात, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी मराठी माणसं पाळतात तो एक नोव्हेंबरचा काळा दिवस येतो, बेळगावातल्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट येतं. पण खानापूरची ही मुलगी आईशी बोलते ती सदाशिव पेठेत वाढल्यासारखी! 'आई, मी येते हं.' आपल्याकडच्या कितीतरी बायका-मुली घरात 'मी येतो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. आई-मुलगी, जावा-जावा, मैत्रिणी, सगळ्या. त्याच मुली पुण्यात नोकरीला गेल्या की महिन्याभरात 'येते, जेवले' म्हणू लागतात, कारण तिथं लोक हसतात. प्रेमकथा लिहिणाऱ्याच्या हाती याहून चांगलं काय लागणार? पुण्याच्या ऑफिसात ही मुलगी जपून 'येते' म्हणते आणि एके दिवशी, दमलेली असताना, नायकासमोर तिच्या तोंडून 'चल, जातो मी' निघून जातं. तो हसत नाही. एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहिलं असतं. कदाचित लेखिकेनं तसं लिहिलंही असेल आणि मुद्रितशोधकानं लिंगाची चूक समजून सुधारलं असेल. बोलीच्या बाबतीत हे सर्रास होतं.

तीच गत 'तुम्ही'ची. मराठी प्रेमकथेत 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही मोठी घटना असते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक लांब पायरी असते. 'तुम्ही' परकं वाटू लागलंय, 'तू' म्हणायची हिंमत नाही, अशा वेळी माणसं कर्ताच गाळतात. 'चहा घ्यायचा?' 'निघायचं का?' 'उद्या यायचं आहे ना?' ही 'यचं'ची भाषा प्रत्येक मराठी घरानं ऐकलेली आहे. या कादंबरीत मात्र नायक एका पानावर 'तुम्ही', पुढच्यावर 'तू', दोन पानांनी पुन्हा 'तुम्ही' म्हणतो आणि त्यामागं कारण काहीच नाही. संपादनाच्या एका वाचनात हे सापडलं असतं.

आणि 'सीमा हाच खलनायक' हे वाक्य कुठल्या आधारावर लिहिलं? बेळगाव आणि हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजमध्ये सोयरिकी पूर्वीपासून होत आल्या, आजही होतात. वऱ्हाड हद्द ओलांडतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. इथल्या मुलांना अडवतात त्या गोष्टी वेगळ्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीपुढं कर्नाटकातल्या सरकारी नोकरीसाठी सक्तीचा कन्नडचा पेपर असतो. मग इथं राहून तो काढायचा की पुणं गाठायचं? त्यावर दोघांचं लग्न अडू शकतं. हा अडथळा खरा, शिवाय याच मातीतला, आणि लेखिकेनं तो दुसऱ्या प्रकरणात आणूनही पुढं सोडून दिला. परीक्षकांनी हे सांगायला हवं होतं.

परीक्षणातला 'असल्या कादंबऱ्या' हा शब्दप्रयोगही लागला. लोकप्रिय कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांच्या कथेवरचा अश्लीलतेचा खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९ साली ते सुटले. त्याला अर्धशतक उलटलं, तरी आपल्या पुरवणीत प्रेमकथा म्हटलं की नाक मुरडणं सुरूच. शेजारी कन्नडमध्ये त्रिवेणी या लेखिकेनं लोकप्रिय कादंबरीतूनच बाईच्या मनाच्या आजारापर्यंत मजल मारली, आणि त्या १९६३ मध्ये गेल्या. बेळगावात दोन्ही भाषा वाचणारी माणसं घरोघरी आहेत. परीक्षकांनी एकदा ती तुलना करून पाहावी.

जाता जाता आणखी एक. परीक्षणाखाली प्रकाशन, पृष्ठं आणि किंमत छापणं आपण बंद केलंय. वाचनालयात किंवा बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत जाऊन पुस्तक मागायचं तर नुसत्या नावावर कुणी काढून देत नाही. एकाच नावाची तीन-तीन पुस्तकं असतात. दोन ओळींची जागा लागते. जाहिरात तेवढी वर सरकवा, पण पुढच्या रविवारपासून त्या दोन ओळी परत छापा.

आपली,
एक वाचक, खानापूर