ताज्या तांब्याचा रंग

पुणे,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय बाळू,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं, कारण महिनाभर माझं पिंपळाचं चित्र चालू होतं. तू विचारलंस, पेठांच्या गर्दीत तुला वसंत दिसतो तरी कुठे? प्रभात रोडचा नीलमोहर गेल्या वर्षी मी दोनदा केला आणि दोन्ही वेळा चित्र नुसतं गोड झालं. म्हणून यंदा फुलांचा नाद सोडला आणि कसब्यात गेलो.

तांबट आळीच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी पार आहे. पारावर पिंपळ, मागे अर्धा उरलेला वाडा. खाली काळा दगड, वर विटा, चुन्याचा गिलावा जागोजागी सुटलेला. बोळ पूर्व-पश्चिम जातो, आणि माझं सगळं चित्र त्यावरच उभं आहे. 20 मार्चच्या आसपास सूर्य अगदी पूर्वेला उगवतो, त्यामुळे एरवी सावलीत असणाऱ्या या बोळात त्या दिवसांत सकाळचं ऊन थेट टोकापर्यंत शिरतं. सप्टेंबरातही सूर्य तिथेच उगवतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. पिंपळाला पालवी फुटते तीही मार्चातच. उन्हाकडे तळहात धरला की बोटांच्या कडा कशा लाल दिसतात, तशी ती पानं दिसतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि तांबडं रंगद्रव्य जास्त असतं, म्हणून. आठवडाभरात पान पोपटी होतं, मग हिरवं. तैलरंगाचा पहिला हात वाळायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. माझी सगळी धावपळ या दोन आठवड्यांची, एक झाडाचा आणि एक तेलाचा.

सात वाजता पोचायचो. बारा बाय सोळा इंचांचा कॅनव्हास, डुकराच्या केसांचे चार ब्रश, एक नाइफ, टर्पेंटाइनची डबी. नऊपर्यंत काम, कारण नंतर ऊन डोक्यावर चढतं, सावल्या आखडतात आणि भिंत सपाट होते. पहिले तीन दिवस वाया गेले. माझी सवय तुला ठाऊक आहे, आधी बर्न्ट सिएनाचं पातळ अस्तर मारून घ्यायचं आणि मग वर काम करायचं. पावसाळ्यातल्या ओल्या भिंतींच्या चित्राला ते अस्तर फार छान बसतं. इथे त्याच तपकिरीवर कॅडमियम ऑरेंज, थोडा लाल आणि वर पांढरा घालून पालवी करत होतो. पानं जड झाली. पांढरा घातला की रंग उजळतो, पण त्याचा पारदर्शकपणा जातो, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. हात मात्र ट्यूबकडे जायचाच.

तिसऱ्या दिवशी आळीतले एक काका दुकान उघडायला चालले होते. थांबले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा हा रंग वापरातल्या हंड्याचा झालाय. पानाचा रंग चिंचेनं घासलेल्या तांब्याचा आहे." एवढं बोलून गेले. बाळू, मी ब्रश खाली ठेवला. घासलेलं तांबं गुलाबी असतं. वाऱ्यावर राहिलं की ते तपकिरीकडे जातं. मी तीन दिवस तो जुना रंग रंगवत बसलो होतो.

चौथ्या दिवशी कोरा पांढरा कॅनव्हास नेला, अस्तर मारलंच नाही. आधी फक्त सावली घातली. पालवी विरळ असते, त्यामुळे भिंतीवरची सावलीही विरळ पडते, तिला भोकं असतात. निळा अल्ट्रामरीन, थोडं गडद लाल ॲलिझरिन आणि कणभर मातकट पिवळा यलो ऑकर, टर्पेंटाइननं पातळ करून. डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की गिलाव्यावरची सावली जांभळी आहे आणि काळा दगड मुळीच काळा नाही, निळसर राखाडी आहे. मग जिथे पानं यायची तिथला रंग चिंधीनं पुसून कॅनव्हासचा पांढरा उघडा पाडला. त्यावर ॲलिझरिन आणि बर्न्ट सिएनाचा अगदी पातळ, काचेसारखा थर. ट्यूबमधला पांढरा एक टिपूसही नाही. उजेड खालच्या कॅनव्हासमधून आला. पिंपळाचं देठ लांब असतं, पानं अगदी हलक्या वाऱ्यानंही हलतात, म्हणून कडा कुठेच घट्ट केल्या नाहीत.

त्या सकाळी तांबट पक्षी सारखा टुकटुक करत होता. साडेआठला आळीतून हातोड्यांचे ठोके सुरू झाले आणि थोडा वेळ पाखरू कुठलं नि माणूस कुठला, कळेना. मला तेव्हा गंगाराम तांबट आठवला. 1790 च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट याच्यासाठी याच शहरात बसून चित्रं काढणारा. त्याने पेशव्यांचा गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली. त्याच्या आडनावाची ही आळी अजून वाजते आहे, पण त्याचं नाव आपल्या शिक्षणात एकदाही आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तू मुलांना शिकवतोस, तू तरी सांग त्यांना.

अशा चार सकाळी मिळाल्या. त्यानंतरच्या सकाळी शेंड्याकडची पानं पोपटी झाली होती, मी ईझल आवरला.

आता घरी तीस बाय चाळीसचा मोठा कॅनव्हास चालू आहे. तो उभा आहे त्या चार लहान चित्रांवर. फोटो काढले होते, पण फोटोत सावली काळीकुट्ट येते, म्हणून बघत नाही. इथे घाई नाही. खालचे थर टर्पेंटाइनचे, वर जाईन तसं जवसाचं तेल वाढवायचं, नाहीतर वरचा थर आधी वाळून पुढे तडे जातात. या कोरड्या हवेत रंग लवकर धरतो, पण ॲलिझरिन हट्टी आहे, अजून बोटाला चिकटतं. व्हार्निश दिवाळीनंतरच. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नकोस हं, उन्हाळ्यात त्या आपोआप पेटू शकतात. मी पाण्याच्या बादलीत टाकतो.

एक जागा अडली आहे. उजवीकडे, वाड्याच्या दारापाशी, एका काकूंनी घासलेली कळशी उपडी घातली होती. लहान चित्रात ती एका फटक्यात आली. मोठ्यात तीनदा पुसली. ठेवली तर डोळा पालवी सोडून तिच्याकडे धावतो. काढली तर दार ओकंबोकं होतं. तू असतास तर ती कधीच खरवडून मोकळा झाला असतास, तुझा हात या बाबतीत माझ्यापेक्षा धीट आहे.

अक्षय्यतृतीयेला सुट्टी असेल तर ये. तोवर ती जागा मी तशीच ठेवतो. येताना तुझी ती लांब पात्याची नाइफ आण, आणि तू मळकट झालं म्हणून भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं घाटाचं चित्रही आण. त्याचं अस्तर कोणतं आहे ते मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरू