ह्यूमचे अंजीर आणि आपला लाल कांदा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या पुतळ्याच्या पायाचा अंगठा घासतानाचा तुझा फोटो आईने चार घरी दाखवून झाला. पुतळा हिरवा-काळा आणि अंगठा तेवढा सोन्यासारखा लखलखीत! जन्मभर अंधश्रद्धेवर लिहिणाऱ्या माणसाचे पाय धरून पोरं पास व्हायला बघतात. एडिंबरा मला एकदम जवळचं वाटलं.

तू पाठवलेले ह्यूमचे निबंध वाचतोय. मळ्यातून आल्यावर रात्री दोन पानं, त्यापुढे माझं इंग्रजी दमतं. व्यापारतोलाचा, म्हणजे आयात-निर्यातीच्या हिशेबाचा, निबंध १७५२ चा, पण त्याची सुरुवातच अशी की मी उठून बसलो. व्यापार न कळणारी राष्ट्रं आपला चांगला माल बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणतो. अथेन्सवाल्यांना आपले अंजीर इतके गोड वाटायचे की परक्याच्या जिभेला ते लागू नयेत म्हणून निर्यातबंदी! चोरून अंजीर नेणाऱ्यांची चुगली करणाऱ्यांना जे नाव पडलं, तोच म्हणे इंग्रजीतला 'सिकोफंट', म्हणजे आजचा खुशमस्कऱ्या. पुढे फ्रान्स. दुष्काळ पडतात म्हणून तिथे धान्य बाहेर पाठवायला बंदी, आणि ह्यूम म्हणतो, एवढ्या सुपीक देशात दुष्काळ पडतात त्याला या बंदीइतका हातभार दुसऱ्या कशाचाच नाही. इथे मी तुझ्या आईला हाक मारली.

डिसेंबर २०२३ तुला आठवत असेल. ट्रॉली रात्रीच भरलेली, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढलेली, आणि सकाळी बातमी की कांद्याची निर्यात बंद. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत साठवून वाट पाहिली असती. लाल कांदा कुठे थांबतो? मिळेल त्या भावाला देऊन आलो. घरी येईपर्यंत मी बोललो नाही आणि आईने विचारलं नाही.

म्हणून ह्यूमच्या सोन्याचांदीच्या हिशेबाशी मी भांडलो. तो म्हणतो, समजा, ब्रिटनमधला पाचातला चार हिस्से पैसा एका रात्रीत नाहीसा झाला. मजुरी उतरेल, माल स्वस्त होईल, बाहेरचे लोक तो उचलतील आणि गेलेला पैसा परत येईल. पाचपट झाला तर याच्या उलट. पाणी जसं पातळी धरतं, तसंच. सोनं देशाबाहेर जाईल म्हणून धसका घेतलेल्या त्या काळच्या कारभाऱ्यांना हे सांगणं मोठंच होतं. पण पाणी पातळी धरेपर्यंत किती दिवस जातात? तेवढ्यात कांद्याला कोंब फुटतो.

मी वाद घालायला निघालो, तर पैशावरच्या निबंधात हा बाबा आधीच कबूल करून बसलाय. पैसा वाढला की भाव लगेच चढत नाहीत, आणि त्या मधल्या काळातच धंद्याला जोर येतो. ज्या देशातला पैसा आटत चाललाय तो देश त्या काळात जास्त हलाखीत असतो, हेही लिहिलंय. हा मधला काळ तुमच्या वर्गात शिकवतात का? की आलेख काढून पुढे जातात?

व्यापारातल्या मत्सरावरचा निबंध मला अजून पचलेला नाही. जर्मनी, स्पेन, इटली, इतकंच काय, फ्रान्सचाही व्यापार भरभराटीला यावा अशी प्रार्थना तो करतो, आणि तीही फ्रान्सशी लढाई चालू असताना. शेजारी गरीब राहिला तर आपला माल घेणार कोण, हे त्याचं म्हणणं. दुबईच्या बाजारात आपल्या जागी पाकिस्तानचा कांदा गेला तेव्हा मी अशी प्रार्थना केली नव्हती, उलट बरंच काही बोललो होतो. आणि शेजाऱ्याचं भलं मागणाऱ्या याच माणसाने काळ्या लोकांना गोऱ्यांपेक्षा उपजतच हलकं ठरवणारी ती तळटीप लिहिली, ज्यापायी २०२० मध्ये तुमच्या विद्यापीठाने आपल्या एका टॉवरवरून त्याचं नाव उतरवलं. तीही वाचली. दोनदा वाचली, म्हटलं माझंच इंग्रजी चुकत असेल.

लाल कांद्याची काढणी चालू आहे, मजूर मिळेनात. आई म्हणते, थर्मल घालूनच बाहेर पड. त्या मधल्या काळाचं सरांना विचारून फोन कर, रात्री नऊनंतर.

तुझे,
पप्पा