बंड्याला पत्र : दोन जिप्सींपैकी कुठली?

पुणे, १४ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि दोन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर लांबणार आहे. नाशिकची पांढरी हार्डटॉप (पक्क्या टपाची) मारुती जिप्सी, अजून कंपनीच्याच टायरवर असलेली, की दिल्लीहून आलेली ती ३१ इंची टायर, बुलबार (पुढे लावलेला लोखंडी दांड्यांचा सांगाडा) आणि कपाळावर सहा दिवे मिरवणारी? तुझा ओढा दुसरीकडे आहे हे तू न लिहिताही कळलं. माझं मत पहिलीकडे आहे. कारणं सांगतो, पटली तर बघ.

त्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. जिप्सीच्या मागच्या बाका समोरासमोर, आडव्या असतात. त्यांवर मुलांना तीन टोकांचा पट्टा लावता येत नाही आणि चाइल्ड सीट बसत नाही. एअरबॅगही नाही. म्हणजे वहिनी आणि दोन्ही पोरांना घेऊन फिरायचं तर मागच्या भागात, तोंड पुढे असलेली सीट बसवणं हे पहिलं काम; टायर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) नंतर. ही सीट नुसती पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही. धक्का बसला की बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. प्रत्येक बोल्टाखाली निदान ५-६ मिलिमीटर जाडीची, हाताच्या पंजाएवढी पट्टी लागते, आणि पट्ट्याचं वरचं टोक मजबूत जागी हवं. हार्डटॉपमध्ये ते जमवता येतं, सॉफ्टटॉपमध्ये (कापडी टपाच्या गाडीत) रोलकेजशिवाय, म्हणजे आतल्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्याशिवाय, नाही. आणि मागे रोलकेज घातला तर त्याचा पाइप पोरांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर येतो. त्यावर जाड फोम नसेल तर खड्ड्यात गाडी हलली की तोच पाइप कपाळात बसतो. सीट बदलल्यावर आरटीओत नोंद करून घे. हे सगळं करायची तयारी नसेल तर जिप्सीचा नाद सोड आणि सफारी किंवा स्कॉर्पिओची फोर बाय फोर शोध. त्या जड आहेत, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) विजेच्या मोटरवर चालते आणि वापर नसला की ती मोटर अडकते; पण पोरं नीट बसतात.

तयारी आहे असं धरून पुढे लिहितो.

कुठल्या काळातली घ्यायची? जिप्सी १९८५ मध्ये आली ती ९७० सीसी इंजिन आणि चार गिअर घेऊन. १९९६ च्या किंगमध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर आले, आणि २००० पासून एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं), १६ व्हॉल्व्हचं, ८० हॉर्सपॉवरचं. तुला शेवटचंच हवं. कार्ब्युरेटर तापल्यावर रुसतो, चढावर तिरका झाला की घुटमळतो, आणि तो नीट लावून देणारे हात आता कमी राहिलेत. तुझ्या दोन्ही गाड्या २००० नंतरच्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथेच संपला.

आता दिल्लीवालीचा हिशेब. मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे उंची ६६८ मिलिमीटर. ३१ इंची म्हणजे ७८७. टायर १८ टक्के मोठा, म्हणजे सगळे गिअर १८ टक्के उंच झाले. जिप्सीची लो रेंज (चढ-उतारासाठीचे हळू पण जोरदार गिअर) तशीही फार खोल नाही, हाय रेंजच्या १.६ पट एवढीच. त्यातला बराच भाग हा टायरच खातो. मग चढावर क्लच दाबत-सोडत जावं लागतं, क्लच जळतो, इंजिन तापतं. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लागतो. एक टनाच्या आसपास वजनाच्या गाडीला हे ओझं नको. शिवाय एवढे टायर बसवण्यासाठी कुणीतरी शॅकल (कमानीचं टोक चॅसिसला टांगणारे दुवे) लांब केले असणार. पुढचे शॅकल लांब केले की कॅस्टर (पुढची चाकं सरळ ठेवणारा कल) कमी होतो आणि हायवेवर गाडी सरळ राहत नाही, सतत स्टिअरिंग सावरत बसावं लागतं. वहिनींना दहा मिनिटांत कळेल.

नाशिकवालीला २१५/७५ आर १५ टायर घाल. उंची साधारण ७०४ मिलिमीटर, म्हणजे पोट १८ मिलिमीटर वर येतं आणि काही कापावं लागत नाही. स्पीडोमीटर साधारण ५ टक्के कमी दाखवेल : काटा ९५ वर, खरा वेग १००. तेवढं लक्षात ठेव. आपल्या वाटांना याहून मोठा टायर लागत नाही.

आता गाडी बघायला गेलास की काय करायचं. आधी खाली झोप, बॉनेट नंतर उघड. मागच्या कमानींचे हँगर चॅसिसला जिथे जोडलेत तिथे, बॉडीच्या रबर माउंटांभोवती आणि मागच्या फरशीखाली स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. गंज वरवरचा असेल तर पापुद्रा निघतो. आत पोचला असेल तर स्क्रूड्रायव्हरच आत जातो. नवा काळा रंग फासलेली चॅसिस जास्त संशयाने बघ, ताजं अंडरकोटिंग म्हणजे बहुधा झाकपाक. नाशिकची गाडी कधी कोकणात किंवा मुंबईत राहिली होती का हे जुन्या इन्शुरन्सच्या पत्त्यांवरून कळतं. समुद्राकाठची गाडी वरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकते. चॅसिसवर कोरलेला नंबर पुसून, पेन्सिल छाप घेऊन आरसीशी ताडून बघ.

मग पुढचं चाक जॅकवर उचल. बाराच्या आणि सहाच्या काट्यावर हात ठेवून चाक हलव. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही हलत राहिलं तर किंगपिन (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) बेअरिंगचा. ताशी ६०-७० ला खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाही, त्या आजाराचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. गॅरेजवाले स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा) नवा टाकून देतात. त्याने थरथर महिना-दोन महिने दबते, जात नाही. किंगपिनची बेअरिंगं बदलून शिमने (पातळ चकत्यांनी) ताण नीट लावला तरच जाते, आणि सोबत टायरचं बॅलन्सिंगही करावं लागतं.

त्याच जागी नकलचा (अॅक्सलच्या टोकाला चाक वळतं त्या सांध्याचा) गोळा बघ. बाहेर पातळ तेल ओघळलेलं दिसलं तर अॅक्सलचं आतलं सील गेलंय. डिफरन्शिअलचं (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं) तेल नकलमध्ये येतं, तिथलं ग्रीस धुऊन नेतं आणि कोरडा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला फिरवणारा सांधा) झिजतो. झिजला की फोर बाय फोरमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कट्-कट् आवाज येतो. ही परीक्षा मुरमाच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेतच घे. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळवलंस तर मधे डिफरन्शिअल नसल्याने पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर विनाकारण ताण येतो. पुढचे हब (चाकं अॅक्सलला जोडणारे-सोडणारे) खरंच लॉक होतात का हेही तिथेच कळेल.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, रबर माउंटवर टांगलेली असते आणि मधे एक छोटा प्रोपेलर शाफ्ट असतो. रबर बसलं की गाडी सुटताना धडका बसतात आणि लिव्हर थडथडतं. खरी परीक्षा उताराची : लो रेंज, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून उचललेला. उतारात लिव्हर स्वतःहून न्यूट्रलला उडालं तर ती गाडी घेऊ नकोस, किंवा ट्रान्सफर केस उघडायचा पूर्ण खर्च किमतीतून वजा कर. घाटात पोरं मागे असताना इंजिनाचं ब्रेकिंग अचानक गेलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

इंजिनाबद्दल थोडंच. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी आहे की कूलंट, हे झाकण उघडून बघ, अर्थात गार असतानाच. थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी झडप) आहे का ते विचार. "तापते म्हणून काढून टाकला" असं उत्तर आलं तर समज की तापण्याचं खरं कारण अजून आतच आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्याबरोबर बदल, त्याच खोलण्यात वॉटर पंप आणि समोरची सीलंही.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी तेलं काढ. गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शिअलला २ आणि मागच्याला १.५ लिटर लागतं. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ दर्जाचंच तेल टाक. जीएल-५ ने आतली पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकते. डिफरन्शिअलला मात्र जीएल-५. आणि भरायचा बोल्ट आधी सोडव, काढायचा नंतर! तेल काढून झालं आणि भरायचा बोल्ट गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरच. तेल दुधासारखं निघालं तर पाणी शिरलंय. यात बहुधा ब्रीदर (अॅक्सलमधली हवा आत-बाहेर जायचं भोक) दोषी असतो : अॅक्सल गरम असतो, ओढ्यात शिरल्यावर एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. दोन्ही अॅक्सलना नळी जोडून ब्रीदर इंजिनच्या खोलीत वर आणून ठेव. रबरी नळी आणि क्लिपा, बास. सगळ्या बदलांत एवढं स्वस्त आणि एवढं उपयोगी दुसरं काही नाही.

ब्रेकचे सगळे रबरी होज नवे टाक, फ्लुइड बदल, मागचे ड्रम उघडून शूवर तेल आलंय का बघ. कमानींची बुशं आणि शॅकलच्या पिना बदल. गाडी मऊ व्हावी म्हणून मागच्या कमानीचा एक पट्टा काढायची पद्धत आहे. एकट्यासाठी ठीक; चार माणसं, तंबू आणि वीस लिटर पाण्याचा कॅन घेऊन निघालास की तीच गाडी प्रत्येक गतिरोधकावर बूड आपटेल. तुझ्या कामाला पूर्ण पट्टे आणि चांगले शॉकअप.

कागदपत्रं. दिल्लीत १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जिप्स्या स्वस्तात इकडे येतात. स्वस्त वाटतात, पण एनओसी (तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला, फॉर्म २८), इथला कर पुन्हा, नवी नोंदणी, आणि नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर फॉर्म ३५. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी फॉर्म २५ वर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, त्यासाठी तपासणी होते, आणि तिथे बुलबार, वाढवलेले टायर, सहा दिवे सगळं उघडं पडतं. बुलबारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलंय, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. इन्शुरन्सवाल्यालाही नाही म्हणायला तेवढं कारण पुरतं. आणि त्या फोटोतला हिरवा रंग लष्करी ऑलिव्ह वाटतोय. तो खासगी गाडीला चालत नाही, मोटार वाहन नियमांत स्वतंत्र नियमच आहे. म्हणजे रंगाचाही खर्च आला.

सामानात फार भर घालू नकोस. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज पाहिजेच : कच्च्या वाटेवर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरव, दगड टोचणं कमी होतं आणि पोरांची हाडंही वाचतात. १५ च्या खाली नको, टायर रिमवरून उतरतो. डांबरावर आलास की परत भर. गाडी ओढायचा नऊ मीटरचा पट्टा, तो अडकवायला दोन ४.७५ टनी शॅकल (लोखंडी कड्या, कमानीचे नव्हेत), चॅसिसला नीट बोल्ट केलेले हुक. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा कधीही लावायचा नाही. तो बॉल तुटला तर बंदुकीची गोळी होतो. ओढाओढी चालू असताना वहिनी आणि पोरं पट्ट्याच्या दीडपट लांब, बाजूला. जॅकखाली ठेवायला फूटभर चौरस जाड प्लाय घे. लाल मातीत जॅक नुसता खाली जातो.

पहिली वाट म्हणून लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतची घे, साधारण पंधरा किलोमीटर, डिसेंबर-जानेवारीत. दगडधोंडे आहेत, पण वाटेत माणसं भेटतात आणि वर पिठलं-भाकरी मिळते. पावसाळ्यात पोरांना घेऊन तिथे जाऊ नकोस. आणि किनाऱ्यावर गाडी घालायचा मोह आवर, गोव्यात तर बंदीच आहे.

पैशाचं म्हणशील तर गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम आधीच बाजूला ठेव. तेवढी राहत नसेल तर अजून स्वस्त गाडी शोधू नकोस, सहा महिने थांब.

रविवारी नाशिकला जातोयस तर मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेव. गरम लागलं तर चहा पी, दोन-तीन तास तिथेच बस, आणि मग स्टार्टर मार. मॅग्नेट (रंगाखाली पुटी भरलीय का बघायला), टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि अंगाखाली टाकायला जुनी चादर विसरू नकोस. नकलचे आणि कमानीच्या हँगरचे फोटो काढून पाठव, संध्याकाळी बघून फोन करतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
अवि

ता. क. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर दार उचलून बिजागऱ्या बघ. टायर मोठा झाला की पहिल्यांदा तिथेच तडे जातात.