टोळी निघण्याआधी वसतिगृह सुरू व्हावे : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहे गाळप हंगामाआधी सुरू करण्याबाबत आणि ती दहावीपर्यंत चालविण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून काम करतो आहे. (हे बिरुद नियमातले आहे. हंगामाच्या दिवसांत माझे खरे काम किराणा दुकानदाराची समजूत घालण्याचे असते. ते का, हे पुढे येईलच.)

दसरा उलटला की आमच्या गावातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघू लागतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जाते, कोणी कर्नाटकात. उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी मजुरीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली आणि बहुधा खर्चूनही टाकलेली असते, त्यामुळे यंदा जायचे की नाही हा प्रश्न घरात उरलेलाच नसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी आणि लेकरे एकदमच चढतात. तिकडे गेल्यावर नऊ-दहा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, आईसाठी भाकरी करून ठेवते. तीच मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली की आईबाप तिला गावात एकटी ठेवायला भितात आणि फडावर न्यायलाही भितात. या दोन्ही भीतींवर त्यांना एकच उपाय दिसतो, तो म्हणजे लग्न. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, आणि त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. त्यामुळे लग्न झालेली मुलगी सासरी पोचते तेव्हा त्या घरात एक नवा कोयता तयार झालेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. हा फरक रूढीच्या खात्यात टाकून मोकळे होता येत नाही, त्यात उचलीचा हिशेबही आहे.

अशा गावात मुलगी शाळेत टिकते ती बहुतेक वेळा आजीमुळे. हंगामी वसतिगृह म्हटले की मंत्रालयात कदाचित इमारत आणि खाटा डोळ्यांसमोर येत असतील. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की मुलांना दुपारच्या पोषण आहाराखेरीज सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत मिळते आणि रात्री ती आपापल्या आजी-आजोबांकडे किंवा चुलत्याकडे झोपतात. योजना साधी आहे आणि चांगली आहे. ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते, म्हणजे प्रत्यक्षात बचत गटाच्या बायकांवर, कारण स्वयंपाक त्याच करतात. पहिल्याच वर्षी त्यांच्या लक्षात आले, की काही मुली संध्याकाळचे जेवण अर्धे टाकून घरी पळतात. चौकशी केली तेव्हा कळले, की घरी मोतीबिंदू झालेली आजी उपाशी बसलेली असते आणि तिच्यासाठी चूल पेटवायची असते. मग बायकांनी ठरवले, की अशा प्रत्येक आजीचा डबा मुलीच्या हातून घरी जाईल. हा डबा योजनेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून त्याचा शिधा गाव देते. कोणी पायलीभर ज्वारी आणून टाकते, कोणी तुरीची डाळ. त्या दिवसापासून मुली रात्री आठपर्यंत मारुतीच्या सभामंडपात अभ्यासाला बसू लागल्या. शासनाने असा डबा सुरू करावा, असे मी म्हणत नाही. गावाला काय जमते ते आपल्याला ठाऊक असावे, म्हणून लिहिले.

गावाला जे जमत नाही, ते तारखेचे आहे.

गाळप हंगाम कधी सुरू व्हायचा हे दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समिती ठरवते. २०२२-२३ चा हंगाम १५ ऑक्टोबरला, २०२३-२४ चा १ नोव्हेंबरला आणि २०२४-२५ चा १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले होते. म्हणजे माणसे गाव केव्हा सोडणार, हे राज्य सरकारला आधीच कळलेले असते, किंबहुना ते सरकारच ठरवते. असे असताना वसतिगृहाची मंजुरी मात्र टोळ्या गेल्यानंतर येते. आमच्याकडे ती दिवाळीच्या आधी आल्याचे मला आठवत नाही, एका वर्षी तर तिला डिसेंबर उजाडला होता. आईबाप निघताना विचारतात, ‘गुरुजी, जेवणाचं नक्की आहे ना?’ आणि हातात कागद नसल्यामुळे मला ‘होईल’ असे सांगावे लागते. ‘होईल’ या शब्दावर कोणती आई आपली अकरा वर्षांची मुलगी मागे ठेवील? ज्या ठेवतात, त्या आमच्यावर विश्वास टाकून ठेवतात आणि तो विश्वास पहिले दोन महिने किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर चालतो.

यातली आणखी एक विसंगती आपल्या खात्यातलीच आहे. शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. त्या दिवशी आमचे वर्ग भरलेले असतात, कारण कोणीच अजून गेलेले नसते. त्याच दिवशी आम्ही कोणाचे आईबाप जाणार, कोणाच्या घरी आजी आहे आणि कोणाच्या घरी कुलूप लागणार, हेही नावानिशी सांगू शकतो, कारण उचल कोणी घेतली ते गावात लपून राहत नाही. तरीही स्थलांतरित मुलांच्या याद्या नव्याने मागवल्या जातात आणि त्यांची तपासणी होईपर्यंत यादीतली निम्मी मुले फडावर पोचलेली असतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालताना वर्गातल्या मोकळ्या जागा मोजायची मला खोड लागली आहे. ती चांगली खोड नव्हे.

दुसरे गाऱ्हाणे आठवीनंतरचे. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे आणि आमच्याकडे वसतिगृहही त्याच मर्यादेत आठवीला संपते. म्हणजे लग्नाची बोलणी ज्या वर्षी सुरू होतात, नेमक्या त्याच वर्षी मुलीचे ताट उचलले जाते. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत, १०९८ हा क्रमांक आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे आणि दोन लग्ने गावाने समजावून पुढे ढकललीही आहेत. पण थांबवलेल्या लग्नातली मुलगी दुसऱ्या दिवशी कुठे जेवणार, याचे उत्तर भिंतीवर नाही. समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतचा विचार करते आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांना तिच्यातूनच बारावीपर्यंत जाण्याची वाट मिळाली. तीच वाट हंगामी वसतिगृहाला दहावीपर्यंत तरी मिळण्यात काय अडचण आहे, हे मला समजलेले नाही.

यावर असे सांगितले जाईल, की सामाजिक न्याय विभागाने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर केली आहेत. ती हवीतच. पण ज्या घरात मुलगी प्रथमच नववीत जाते आहे, तिथली आई तिला तालुक्याच्या गावी ठेवण्याआधी शंभरदा विचार करते आणि आजीच्या अंगणात ठेवायला तुलनेने लवकर राजी होते. आजी म्हातारी आहे, घर छपराचे आहे, पण ते ओळखीचे आहे.

म्हणून विनंती अशी, की मंत्री समिती ज्या बैठकीत गाळपाची तारीख ठरवते, तिच्या टिपणीत आपल्या खात्याने एक ओळ घालावी, की त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी हंगामी वसतिगृहे सुरू झालेली असतील. पहिल्या महिन्याचे पैसे समितीच्या खात्यावर आगाऊ जमा व्हावेत आणि नववी-दहावीच्या मुलींची नावे त्याच यादीत घेण्यास परवानगी मिळावी. तपासणी हंगाम चालू असताना करावी, केव्हाही करावी, आमची वही उघडीच असते. यादी आम्ही ३० सप्टेंबरलाच तयार ठेवू. ती कोणाकडे द्यायची, तेवढे कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक