सलग आठ तास शोधू नकोस

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. स्वाती पुढच्या महिन्यापासून ऑफिसला जाणार, सात वर्षांची ओवी आणि चार वर्षांचा कबीर शाळा सुटल्यावर तुझ्याकडे, आणि तू घरून काम करणार ते न्यूयॉर्कच्या टीमबरोबर. अवघड आहे, पण जमण्यासारखं आहे.

सलग आठ तास मिळणार नाहीत, हे आधी मान्य कर. त्याऐवजी दीड-दीड तासाचे दोन पट्टे राखून ठेव. एक पहाटे साडेपाच ते सात, दुसरा दुपारी कबीर झोपल्यावर. कोड लिहिणं, त्यातली किचकट चूक (बग) शोधणं, म्हणजे डोकं लागणारं काम तेवढ्यातच. मेल, टाइमशीट, कामाच्या नोंदी (तिकिटं) मुलांच्या गडबडीतही उरकतात. कबीर "बाबा, शू" म्हणत आला तर जातात दोन मिनिटं. पण तुटलेला विचार पुन्हा जुळायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दिवस वाया जातो तो तिथे.

दुपारची झोप या वयात बेभरवशाची. तो नाहीच झोपला तरी पडदे ओढून, सतरंजीवर चित्रांची पुस्तकं देऊन तासभर पडून राहायची सवय लाव. साडेतीनच्या पुढे मात्र झोपू देऊ नकोस, नाहीतर तुझे रात्रीचे कॉल चालू असताना तो टक्क जागा असेल.

कॉलचंही आत्ताच बघून ठेव. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे गेलं की तोच कॉल साडेआठला येतो, ऐन निजवायच्या वेळी. ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत चालतं. हिवाळ्यात निजवायचं काम स्वातीकडे आणि सकाळचं आवरणं तुझ्याकडे, अशी अदलाबदल दोघांनी आधीच ठरवा. कागदावर लिहून फ्रिजवर लावा. तोंडी ठरलेलं आठवड्यात विस्कटतं.

कॉलच्या आधी पंधरा मिनिटं फक्त मुलांची. फोन बाजूला, खाली बसून त्यांच्याबरोबर खेळ. मूल पुन्हा पुन्हा दाराशी येतं ते बहुधा भुकेनं, कंटाळ्यानं किंवा "बाबा कधी येणार" हे न कळल्यामुळे. म्हणून दाराला एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवा असा पुठ्ठा अडकव. लाल फक्त कॉलपुरता. दिवसभर लालच राहिला तर दोन दिवसांत त्याला कुणी विचारणार नाही.

खाऊचे दोन डबे सकाळीच भरून खालच्या फळीवर ठेव: एकात केळं आणि थालीपीठाचे तुकडे, दुसऱ्यात लाडू, शेजारी पाण्याची बाटली. कबीरला अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. त्याच्या डब्यात कूटच घाल.

टीव्हीचा अपराध वाटून घेऊ नकोस, फक्त तो जपून खर्च कर. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे. तो सकाळी उडवलास तर क्लायंटच्या कॉलला हातात काहीच उरत नाही. "अर्धा तास" त्याला कळत नाही, "दोन भाग" कळतं. पुढचा भाग आपोआप सुरू होतो ते सेटिंगमधून बंद कर, म्हणजे रडारड कमी होईल.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हेडफोन घातले की घरातला आवाज येत नाही, म्हणून एकच कान झाक. कॉलला बसण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद, बाथरूममधली बादली रिकामी आणि दाराला बाहेरून कडी, बाल्कनीचं दार बंद, खुर्च्या कठड्यापासून लांब. दोन मिनिटं लागतात, पण रोज कर. ओवीला भावाकडे बघायला सांगू शकतोस, त्याची जबाबदारी तिच्यावर टाकू नकोस. सात वर्षांची आहे ती.

स्वातीच्या ऑफिसात पाळणाघर आहे का, हेही विचारा. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती सोय करावी लागते. कबीरचं वय तिथे चालतं का, ते बघा. आठवड्यातून दोन दुपारी जरी तो तिकडे गेला तरी तुझ्या अवघड कामाला जागा होईल.

पहिल्या आठवड्याचा तक्ता मला पाठव. कॉलच्या वेळा कुठे आदळतात ते एकत्र बघू.

तुझा,
श्रीधर