पहाटे पाच दहाला आलेला फोटो

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका म्हणालात, म्हणून नुसतं 'भाऊ'. खान्देशात तेवढं पुरतं.

आमच्या कापूस खरेदीचे आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं आकडे मांडायचं साधन) रिपोर्टला तुमच्या आधी तिघांनी हात लावला होता. एकाने ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितली. दुसऱ्याने नेटवर ढकललं. तिसऱ्याने तर रिफ्रेश (नव्या नोंदी ओढून आकडे ताजे करणं) दिवसातून एकदाऐवजी आठदा लावून ठेवला. प्रो लायसनवर आठच मिळतात, ते सगळे वापरले. त्यातले पाच रात्री एक ते पहाटे पाच! म्हणजे तीच चूक रात्रीतून पाच वेळा. बिलं मात्र तिघांचीही वेळेवर आली.

दुखणं असं होतं: चोपडा, अमळनेर, धरणगाव, तिन्ही वजनकाट्यांवरच्या कापूस खरेदीच्या एक्सेल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण). रात्री दहाच्या आत नोंदी पूर्ण. पहाटे पाचला पॉवर बीआयचा रिफ्रेश, हिस्टरीत रोज 'कम्प्लीटेड'. आणि सहाला मोबाइल उघडावा तर आकडे परवापर्यंतचेच, कालच्या आवकेचा पत्ता नाही. कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या पाळीला किती माणसं बोलवायची हे त्याच आकड्यावर ठरतं. दहा वाजता हाताने रिफ्रेश दाबला की सगळं जागच्या जागी. म्हणून तिघेही अकराच्या सुमारास आले, बटण दाबलं, 'झालं बघा' म्हणाले आणि निघाले.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो रिफ्रेशचा नव्हताच. 'नोंदींतली शेवटची तारीख कोणती?' मग क्वेरी (फाइलींतून नोंदी ओढणारी सूत्रं) उघडून फिल्टरवर बोट ठेवलंत: आजच्या अर्धवट नोंदी नकोत म्हणून 'आजच्या आधीचं' एवढंच घ्यायचं, आणि 'आज' काढायला डेटटाइम.लोकलनाऊ, म्हणजे सूत्र चालतं त्या मशीनची आत्ताची वेळ. लॅपटॉपवर ते आपलं घड्याळ. क्लाउडवर, म्हणजे पहाटेचा रिफ्रेश चालतो त्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आपल्या साडेपाच तास मागे. आपले पहाटेचे पाच म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा. तिथला 'आज' म्हणजे आपला काल, आणि त्याच्या आधीचं म्हणजे परवापर्यंतचं. साडेपाच वाजून गेले की दोन्हीकडची तारीख एक होते, म्हणून दहाला सगळं बरोबर. शेड्यूलमध्ये भारतीय वेळ निवडलेली होती, त्यावरच सगळे फसले. ती फक्त रिफ्रेश केव्हा सुटायचा ते ठरवते, सूत्रातल्या घड्याळाला हात लावत नाही. डॅक्समधलं (रिपोर्टची सूत्रभाषा) टुडेसुद्धा तिथे यूटीसीच. (गेटवेमार्फत, म्हणजे ऑफिसातल्या मशीनवरून डेटा क्लाउडला पोहोचवणाऱ्या प्रोग्रामातून, डेटा येत असता तर ऑफिसातल्या मशीनचं घड्याळ धरलं गेलं असतं आणि ही भानगड झालीच नसती.)

उपाय दोन ओळींचा. यूटीसीनाऊ (आत्ताची यूटीसी वेळ) घेऊन स्विचझोनने 5 तास 30 मिनिटं पुढे आणायचं, मग रिमूव्हझोन (वेळेला चिकटलेली झोनची खूण काढणं), आणि त्यानंतरच डेट.फ्रॉम (वेळेतून नुसती तारीख काढणं). मधलं रिमूव्हझोन गाळलं तर डेट.फ्रॉम वेळ पुन्हा मशीनच्या झोनमध्ये नेतं, म्हणजे क्लाउडवर परत यूटीसी, आणि केलेलं पाण्यात. हे तुम्ही सूत्र लिहितानाच सांगितलंत.

तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बटण दाबून तुम्हालाही 'झालं' म्हणता आलं असतं. तुम्ही म्हणालात, 'आता दाबून काय कळणार? आता तर जुनं सूत्रही बरोबरच दाखवेल. पहाटे पाहू.' आणि दुसऱ्या दिवशी पाच दहाला तुमच्याकडून फोटो: रिपोर्टच्या कोपऱ्यातलं नवं कार्ड, त्यात दोन वेगळ्या ओळी. 'रिफ्रेश केव्हा' आणि 'नोंदी कधीपर्यंतच्या'. दुसरीत कालची तारीख. खाली तुमचं एकच वाक्य, 'आली भाऊ, झोपा आता.'

थंडीच्या दिवसात, दुसऱ्याच्या आकड्यासाठी पाचला उठणं! कोडवाले पुष्कळ भेटतात हो. बिघाड ज्या वेळी होतो त्याच वेळी येऊन बघणारा माणूस विरळा, मग तो मोटर बांधणारा असो की डॉक्टर.

जाताना काटापावतीच्या पाठीवर लिहून दिलंत ते संगणकावर चिकटवलंय: 'कम्प्लीटेड नका देखू, तारीख देखा.' खाली बारीक अक्षरात, 'सलग चार वेळा फेल झालं तर शेड्यूल आपोआप बंद पडतं, मेल वाचत जा.' तो मेल नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर जात होता, तोही बदलला.

तुमचं बिल अजून आलेलं नाही. हंगाम संपायच्या आत पाठवा, आणि घेऊनच आलात तर भरीत आणि कळण्याची भाकर तयार ठेवतो.