तीनवर थांबू नकोस

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर जे सांगितलेस, ते सांगताना तुला किती जड गेले असेल याची मला कल्पना आहे. तुला अकरावा आठवडा चालू आहे, दिवसाच्या दहा सिगारेटी तू तीनवर आणल्या आहेस, आणि एकदम सोडल्या तर बाळाला धक्का बसेल असे तुझ्या मनात कोणीतरी भरवून दिले आहे. मी त्या वेळी गप्प राहिले, कारण बोलले असते तर माझा आवाज चढला असता आणि पुढे तू मला काहीच सांगितले नसतेस. दहाच्या तीन केल्यास, याचे मला मनापासून कौतुक आहे. पण तीनवर थांबू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो आणि प्राणवायूची जागा तासन्‌तास अडवून बसतो. वारेतून तो बाळाच्या रक्तात उतरतो आणि तेथे त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त भरते. त्यातच निकोटिनमुळे वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे बाळाकडे रक्त कमी पोहोचते आणि जे पोहोचते त्यात प्राणवायू कमी असतो. पोटातल्या जिवाला स्वतःचा श्वास नसतो, वारेतून येईल तेवढ्यावरच त्याला वाढायचे असते.

प्रसूती कक्षात इतकी वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यावर काही बाळे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पूर्ण दिवस भरलेले एक बाळ मी वजनकाट्यावर ठेवले होते, ते १९०० ग्रॅम भरले. मांडीची कातडी सैल, सुरकुतलेली, हातापायांच्या काड्या, आणि स्तनाला लावले की दोन घोट ओढून थकून झोपी जायचे. मग त्याच्या आईने दूध काढून द्यायचे आणि मी ते लहानशा वाटीने, थेंब थेंब, ओठांच्या कडेने पाजायचे, असे कितीतरी दिवस चालले. ती बाई सिगारेट ओढत असे. त्या एका बाळाचे वजन केवळ त्यामुळेच घटले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण बाळ खुरटण्याची इतरही कारणे असतात; परंतु धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी सुमारे २०० ग्रॅमनी हलकी असतात, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. दिवस भरण्याआधीच होणाऱ्या प्रसूतींशी सिगारेटचा संबंध कॅलिफोर्नियातील एका अभ्यासाने १९५७ सालीच दाखवून दिला होता. गर्भपात, वार वेळेआधी सुटणे, बाळ पोटातच दगावणे, ओठ किंवा टाळू दुभंगलेला असणे, पुढे दमा जडणे, या साऱ्यांचा धोकाही वाढतो. त्यांचे वर्णन करून तुला घाबरवण्याची माझी इच्छा नाही.

मात्र ‘तीनच तर ओढते’ या समजुतीबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत झुरका खोल घेतो आणि थोटकापर्यंत ओढतो, त्यामुळे धूर संख्येच्या हिशेबाने कमी होत नाही. शिवाय २०१९ साली अमेरिकेतील सुमारे २ कोटी जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा असे आढळले की गरोदरपणी दिवसाला एक सिगारेट ओढली तरी बाळाचा अचानक, झोपेत होणारा मृत्यू घडण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, आणि पुढच्या प्रत्येक सिगारेटीमागे तो वाढत जातो. तीनपेक्षा दोन बऱ्या, दोनपेक्षा एक बरी, हे खरे. पण निर्धास्त राहावे असा आकडा शून्याखेरीज दुसरा नाही.

आता ज्यासाठी मी आज घाईने लिहायला बसले ते सांगते. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे २५०० गर्भवतींचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या स्त्रियांनी पंधराव्या आठवड्यापूर्वी सिगारेट पूर्ण सोडली, त्यांच्यात अकाली प्रसूतीचे आणि खुरटलेल्या बाळांचे प्रमाण गरोदरपणी सिगारेट न ओढणाऱ्या स्त्रियांइतकेच आढळले. तुझा अकरावाच चालू आहे, बाळा. आणि त्या ‘धक्क्या’चे म्हणशील, तर सोडल्यावर त्रास होतो तो तुला होईल: चिडचिड, डोके दुखणे, झोप न लागणे. बाळाला मात्र एक-दोन दिवसांतच अधिक प्राणवायू मिळू लागतो.

ई-सिगारेटकडे वळू नकोस, तिच्यातही निकोटिन असते. निकोटिनची चिकटपट्टी किंवा च्युइंगगम लागलेच, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घे. जावईबापूंनाही माझा निरोप सांग की त्यांनी सोडल्याशिवाय तुझे सुटणे कठीण आहे आणि त्यांचा धूरही तुझ्याच छातीत जातो.

तलफ येते ती बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढी मिनिटे मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी कर. मी विषय काढणार नाही, दुसरेच काहीतरी बोलू. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले, की दिवसाला किती ओढतेस, तर खरा आकडा सांग. माझ्यापाशी सांगितलास तसाच.

तुझी,
आई